फसलेल्या औषधांची यादी

एका डोंगराळ राज्यात एक विद्यापीठ होतं, आणि ते राजाचं नव्हतं. विणकर, कुंभार, व्यापारी अशा सगळ्यांनी वर्गणी काढून ते उभं केलं होतं. तिथली एक रीत होती. वर्षातून एकदा भर बाजारात नव्या औषधांचे निष्कर्ष वाचून दाखवायचे. आधी फसलेली औषधं, मग जमलेली. लोक फसलेल्यांची यादी मन लावून ऐकत, थोडं हसत, आणि जमलेलं औषध डोळे मिटून घेत.

एकदा तापाची साथ आली आणि दर पावसाळ्यात परत येऊ लागली. लहान मुलं दगावत होती. भानुमती नावाची वैद्य एका रानवेलीच्या मुळांवर प्रयोग करत होती, पण वर्गणीत ते भागेना. राजानं सरकारी कोठारातून अनुदान सुरू केलं. काम भराभर पुढे सरकलं. इथवर राजाचं कौतुकच करायला हवं.

काही नातेवाईक लग्नात दिलेल्या साडीची आठवण प्रत्येक सणाला करून देतात. राजाचा प्रधान त्यांतलाच होता. आधी तो म्हणाला, दारावर महाराजांचं नाव हवं. विद्यापीठाचे प्रमुख आचार्य श्रीकर यांनी ते लावलं. मग निरोप आला की नीतिशास्त्राचे गुरुजी वर्गात करांविषयी नको ते बोलतात. आचार्यांनी गुरुजींना घरी बसवलं. प्रत्येक वेळी ते स्वतःची समजूत घालत, की एवढ्यानं काही बिघडत नाही, औषध महत्त्वाचं.

तिसऱ्या वर्षी औषध तयार झालं. भानुमतीच्या काढ्यानं मुलांचा ताप खरोखर उतरत होता. वाचनाच्या आदल्या दिवशी प्रधान आला. तापावर आजमावून फसलेल्या औषधांत सगळ्यांत वर राजवैद्यांचं भस्म होतं, हे त्याला कळलं होतं. यंदा फसलेली यादी वाचायची नाही, नाहीतर अनुदान बंद, असं त्यानं विडा चघळत सांगितलं.

"महाराजांचं खायचं, आणि महाराजांच्याच माणसाची बाजारात शोभा करायची?"

भानुमती कोपऱ्यात मुळं कुटत होती. तिनं बत्ता खाली ठेवला.

"प्रधानजी, कोठारातलं धान्य लोकांनी पिकवलं. महाराजांनी फक्त दार उघडलं. काम केलं की नाही, ते विचारा. हवं तर दहादा विचारा. कामातून काय निघालं, ते मात्र तुम्ही सांगायचं नाही."

"आचार्य, तुमच्याकडे बायामाणसं फार बोलतात बुवा," प्रधान हसला.

 प्रधान गेल्यावर आचार्यांनी भानुमतीला विचारलं, की अनुदान थांबलं तर पुढच्या वर्षी मुलांना काढा कुठून द्यायचा. भानुमतीला सगळ्यांत जास्त संताप या प्रश्नाचाच आला. मुलांच्या जिवाचं निमित्त करून माणसं किती सहज वाकतात.

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी फक्त जमलेलं औषध वाचलं. साळू कुंभारीण उठली. तिचा नातू दोन दिवस तापानं फणफणत होता.

"फसलेली कुठं आहेत, आचार्य?"

"यंदा काही फसलं नाही, साळूबाई."

"अख्ख्या वर्षात काहीच नाही? माझ्या एका भट्टीत चार मडकी तडकतात."

लोक हसले. पण औषध घ्यायला कुणी पुढे आलं नाही. आचार्यांनी काढा खरा असल्याची शपथ घेतली, सगळ्यांसमोर स्वतः पेलाभर प्यायले.

"काढा खरा असेलही," साळूबाई म्हणाली. "पण तुमच्या शब्दावर तो पोराच्या तोंडात घालायला आता हात होत नाही."

भानुमती काढ्याची भांडी घेऊन घरोघर फिरली. फसलेली यादी तिनं प्रत्येक उंबऱ्यावर वाचली, राजवैद्यांच्या नावासकट. काही दारं उघडली, बरीच उघडली नाहीत. साळूबाईचं उघडलं तेव्हा आत रडारड सुरू झाली होती.

त्याच आठवड्यात विद्यापीठाला प्रधानाचं पत्र आलं. महाराज संतुष्ट आहेत, पुढच्या वर्षीचं अनुदान मंजूर.

तात्पर्य: सत्तेनं ज्ञानाला मदत करावी, कामाचा जाबही विचारावा, उत्तर मात्र आपल्या सोयीचं मागू नये. आणि मदत टिकावी म्हणून ज्यानं अर्धं सत्य गिळलं, त्याच्या उरलेल्या अर्ध्यावरही कुणी विश्वास ठेवत नाही.