अख्खं रान ऐकेल

झाडं बोलत त्या काळी करंजावर एक भित्री शिंपीण पक्षीण राही. ती नवजात पिल्लांसाठी पानांची अंथरुणं शिवी. कुणी लांबून करंजावर चढलेली वेल हिसकली, की मागणी आली समजायचं.

मोर म्हणाला, “अशाने धंदा वाढायचा नाही, बाई. टेकडीवरून हाळी देतो, अख्खं रान ऐकेल.”

“अख्खं?” ती पानाआड दडली. “पत्ता तेवढा सांगू नका.”

“पत्त्याशिवाय कसली हाळी?”

धंदा बेताचाच होता. ती हो म्हणाली. हाळी घुमली. शिंपीण वेलीकडे टक लावून बसली. वेल हलली, पण हिसका नव्हता. बुंध्यापासून सावकाश काहीतरी वर सरकत होतं.

“मावशी,” धामण गोड आवाजात म्हणाली, “अंथरुणं कुणाकुणाच्या घरी दिलीत, तेवढं सांगता का?”