गुरुजींची नवी गादी

“सावरीचा कापूस भरू, की सरळ फोमची आणू... एवढं एकच सांगा, चाचा.”

रंगनाथ गुरुजी शेडच्या दारात उभे. पायाशी रिक्षातून उतरवलेली गादी. नवीकोरी, निळ्या पट्ट्यांची.

कासीमचाचा नदाफ म्हणजे आमच्या गावचे पिंजारी. दर्ग्यामागच्या पत्र्याच्या शेडात साठ वर्षं कापूस पिंजतायत. दाढीत केस कुठले आणि कापूस कुठला, हे त्यांनाही ठाऊक नसावं. गुरुजींनी अख्ख्या तालुक्याला शिकवलं, एकादशीला देवळात वैराग्यावर बोलतात, आणि स्वतःचं अडलं की गुपचूप चाचांकडे येतात. मी त्यांच्याच शाळेत शिपाई होतो. सुटीची घंटा पाच मिनिटं आधी द्यायचो. तेव्हाची पोरं अजून नमस्कार करतात. मला. गुरुजींना बघून गल्ली बदलतात.

“गादीला काय झालं?” चाचांनी पिंजायची कमान खाली ठेवली.

“नवी आहे, पण मालन तिच्यावर झोपत नाही.”

मालनबाई म्हणजे गुरुजींची नवी बायको. गुरुजी एकसष्ट, त्या पंचावन्न. दोघांचेही पहिले जोडीदार देवाघरी गेलेले. लग्नाला वीस दिवस झाले. पंगतीत मी दोनदा बसलो होतो, म्हणून चांगलं आठवतं.

“मग कुठं झोपते?”

“स्वयंपाकघरात. चटईवर. विचारलं तर म्हणते, सवय आहे... रविवारी भाऊ न्यायला येतोय.”

“जाईल, चार दिवस राहील, येईल.”

“कधी येणार, ते सांगत नाही हो चाचा...”

गुरुजींचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मी आपला गादी उलगडून तिच्यावर आडवा झालो. जरा घोरूनही दाखवलं.

“ऊठ, भिकोबा.”

“मऊ आहे की!”

“तुला फरशीही मऊ लागते. ऊठ.”

चाचांनी एका बाजूची शिवण उसवली. हात कोपरापर्यंत आत घातला. मूठभर कापूस काढला, बोटांत ओढून पाहिला.

“नवी म्हणालास ना, मास्तर?”

“खोळ नवी आहे.”

“खोळीचं कुणी विचारलं?”

चाचांनी कापूस उजेडाला धरला.

“हा कापूस चारदा पिंजलेला आहे. माझ्याकडे का नाही आणलास?”

गुरुजी स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. साऱ्या वर्गाला असं बघायला लावणारा माणूस!

“जिल्ह्याच्या गावी नेला. मशीनवर पिंजून घेतला.”

“का?”

“तुम्ही ओळखला असता.”

चाचांनी तो कापूस गुरुजींच्या हातावर ठेवला. त्यांची बोटं एकेक करून मिटवली.

“कुणाचा?”

“वत्सलाचा... तिच्या रुखवतातली गादी होती.”

वत्सलावहिनी म्हणजे गुरुजींची पहिली बायको. जाऊन सहा वर्षं झाली. शाळेच्या कामाला घरी गेलो की माझ्या चहात आलं जास्त घालायच्या.

“आणि मालनला काय सांगितलंस?”

“म्हटलं, तुझ्यासाठी नवी आणली.”

“ती काय म्हणाली?”

“काही नाही. गादीवरून हात फिरवला... आणि चटई उचलली.”

“वैराग्य हो, गुरुजी!” मी म्हणालो.

“तू गप रे!”

पण त्या ओरडण्यानं त्यांना जरा बळ आलं. ताठ झाले. देवळातला आवाज लागला.

“कळलं मला, चाचा. मोह आहे हा. मोह सोडलाच पाहिजे. हा कापूस फेकून देतो. नवा भरा. सगळाच्या सगळा नवा!”

“फेकून तर बघ,” चाचा म्हणाले. “चौतीस वर्षांची झोप आहे ती.”

“मग मी करू तरी काय?”

गादीतला अर्धा कापूस काढून चाचांनी गोणपाटावर ठेवला. अर्धा आत सारखा पसरला. सुई घेतली, शिवण घातली, दातांनी दोरा तोडला. गादी माझ्या पोटासारखी खपाटीला गेली.

“घेऊन जा.”

“अर्धीच?”

“बाकीचं तुझ्या घरात आहे.”

“माझ्या घरात कापूस कुठला, चाचा?”

“मालन काय मोकळ्या हातांनी आली?”

“तसंच म्हणायचं. भांडीकुंडी मीच नको म्हटलं. एक वळकटी तेवढी आणली होती. जुन्या गोधड्या. तिच्या त्या... पहिल्या यजमानांच्या धोतरांच्या. तिनं स्वतः शिवलेल्या. मी म्हटलं, नव्या घरात जुनं कशाला? आल्या दिवशीच उचलून माळ्यावर टाक...”

गुरुजी थांबले.

कापसाची मूठ अजून मिटलेलीच होती.

मीसुद्धा काही बोललो नाही. खोटं वाटत असेल तर चाचांना विचारा.

चाचांनी काढलेला कापूस गोणपाटात बांधला, आणि भिंतीकडे मान वळवली.

“घरात शिडी आहे ना रे, मास्तर?... नसली तर आमची घेऊन जा.”