कुंभेरीचा एकीचा दोर

कुंभेरीच्या घाटावर महाराज बसले होते तेव्हाची ही गोष्ट. अंगाला गुंडाळलेलं एक गोणपाट, हातात चार शेंगदाणे, एवढाच त्यांचा संसार!

कुंभेरीची एक रीत होती. पुराच्या दिवसांत गावच्या तेराही नावा एकाच दोरात ओवायच्या आणि दोर घाटावरच्या जुन्या चिंचेला बांधायचा. एकीचा दोर म्हणे!

त्या वर्षी लखबा नावाड्यानं चिंचेच्या ढोलीत हात घातला, तर कोपरापर्यंत भुसा लागला.

"पाटील, झाड पोकळ झालंय. माझी नाव मी नाही बांधणार."

येसाजी पाटील हसले. "बारा जण खुळे आन् तू एकटा शहाणा व्हय रं?"

बाराही नाववाले हसले. त्यातल्या दोघांनी सकाळीच ढोलीत हात घातला होता. ते जरा जास्तच मोठ्यानं हसले!

"दोरात ये, न्हाईतर घाट बंद तुला," पाटलांनी बजावलं.

घाट बंद म्हणजे लखबाची चूल बंद. तो महाराजांपाशी आला. "महाराज, अख्खं गाव एकीकडं. मीच चुकतोय का?"

महाराज म्हणाले, "भुसा कुणाच्या हाताला लागला?"

"माझ्या."

"मग गावाला काय विचारतोस?" आणि गोणपाटाच्या काठाची सुतळी ओढून तिचं टोक त्याच्या हाती दिलं. "बांध नाव."

"आरं, हिनं पोत्याचं तोंड बांधत न्हाईत!" पाटील खिदळले.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी लोंढा आला. चिंच ढोलीपाशी मोडून आडवी! बाराही नावा एकमेकींना ओढत गेल्या. नावा सोडवायला गेलेले पाटील बुडत्या बाभळीला लोंबकळले. "लखबाऽऽ! धाव रं!"

लखबानं नाव लोटली. काय सांगावं! वीतभर सुतळी, पण नाव पुढं जाईल तशी लांबतच गेली. इकडं काठावर महाराजांचं गोणपाट उसवत होतं. गुडघ्यावर आलं, मांडीवर आलं. महाराज आपले शेंगदाणे खातायत! पाटील काठाला लागले तेव्हा महाराजांच्या अंगावर लंगोटीपुरतं उरलं होतं.

पाटील पायांवर कोसळले. महाराजांनी लखबाकडं बोट केलं. पाटलांनी त्याच्या चिखलाच्या पायांवर डोकं टेकलं. ते पाहून बाराही नाववाले धडाधड वाकले.

"उठा रे!" महाराज गरजले. "पाटील वाकला म्हणून वाकता? पुन्हा तोच दोर! आधी ही सुतळी ओढून बघा, मग ठरवा."

बारा जण उठले आणि एकेकानं सुतळीला हात घातला. पाटील मात्र वाकलेलेच होते.