वेर्मोनची बंद दारं

"आता तुम्हीच सांगा बाबा, दोघांपैकी खरा पोप कोणता?"

रेनिए उभ्यानंच विचारत होता. पॅरिसहून अकरा दिवसांचा प्रवास करून तो आला होता. बूट चिखलानं माखले होते, तरी बसायला तयार नव्हता.

म्हातारे मठाधिपती ओडिलो बागेतल्या बाकावर वाळक्या शेंगा सोलत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"तू तर यावर अख्खा ग्रंथ लिहिलास. मला कशाला विचारतोस?"

"मला उत्तर नकोय. तुमची सही हवी आहे."

त्या वर्षांत ख्रिस्ती जगाला दोन पोप होते. एक रोममध्ये, एक आव्हिन्योंमध्ये. दोघंही एकमेकांना तोतया म्हणत. राजे आपापल्या सोयीनं बाजू घेत, आणि कुठली बाजू घेतली ते प्रजेला रविवारी चर्चमध्ये कळे. मठाच्या खालून लेम नदी वाहत होती. तिचा अलीकडचा काठ रोमचा होता, पलीकडचा आव्हिन्योंचा.

रेनिए याच मठात वाढला. ओडिलोंनी त्याला अक्षरओळख करून दिली. पुढं तो पॅरिसला गेला, धर्मगुरू झाला, धर्मशास्त्राचा मोठा पंडित झाला. रोमचा पोपच खरा, हे त्यानं साठ पानांत सिद्ध केलं होतं.

"दोन्ही काठांवरची माणसं तुम्हाला मानतात," तो म्हणाला. "तुम्ही सही केलीत तर पलीकडची गावं आपणहून इकडं येतील. नाहीतर वसंतात फौज येईल. रोमचा पोप खरा, एवढंच म्हणणारा पाच ओळींचा कागद आहे, बाबा." त्यानं तो बाकावर ठेवला.

ओडिलोंनी हात झटकले.

"ग्रंथ आणलायस?"

रेनिएनं पिशवीतून ग्रंथ काढला. चामड्याची बांधणी होती, कडा सोनेरी होत्या. तो बाबांच्या हाती देताना त्याचा चेहरा जरा उजळला.

"मला दिसत नाही आता. तूच वाच. क्षमेविषयी लिहिलंयस ना, ते."

रेनिएला पान शोधावं लागलं नाही.

"'खोट्या पोपनं नेमलेल्या धर्मगुरूचा हात रिकामा असतो. त्यानं दिलेली पापांची क्षमा स्वर्गापर्यंत पोचत नाही.'"

"पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. या वेळी सावकाश.

"छान लिहिलंयस," ओडिलो म्हणाले. "लहान वाक्य. कुणालाही पाठ होईल असं."

रेनिए हसला.

"वेर्मोनमध्ये सगळ्यांना पाठ झालंय," ओडिलो म्हणाले.

वेर्मोन हे पलीकडच्या काठावरचं गाव. मठाच्या भिंतीवरून त्याचा घंटाघराचा मनोरा दिसे.

"जुलैत कुणीतरी ते वाक्य तिथल्या चर्चच्या दारावर ठोकलं. ऑगस्टमध्ये साथ आली. काखेत गाठ, मग ताप, मग तीन दिवस..."

"वाटेत ऐकलं मी."

"तिथला धर्मगुरू कोण होता, ते ऐकलंस?"

"नाही."

"लांबेर."

रेनिए बाकावर बसला.

लांबेर आणि तो लहानपणी याच मठात एका पांघरुणात झोपत. लांबेरला व्याकरण कधी जमलं नाही. रेनिए त्याला उत्तरं सांगे, आणि लांबेर त्याच्या वाटणीची लाकडं फोडे. पुढं लांबेरला पलीकडच्या बिशपनं वेर्मोनला नेमलं. बिशप आव्हिन्योंचा, म्हणून लांबेरही आव्हिन्योंचा. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"तो घरोघर जायचा," ओडिलो सांगू लागले. "दारं उघडत नव्हती. माणसं आतून ओरडायची, तुझी क्षमा घेऊन नरकात जायचंय का आम्हाला? एका बुरुडानं वरच्या खिडकीतून त्याच्या अंगावर घाण पाणी फेकलं. त्याची मुलगी आत शेवटच्या घटका मोजत होती. लांबेर तसाच ओल्या कपड्यांनी गल्लीत उभा राहिला. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं प्रार्थना म्हणत राहिला."

"आणि ती?"

"पापांची कबुली न देताच, क्षमेविना गेली. अशी एकतीस माणसं गेली, रेनिए."

रेनिएनं ग्रंथ मिटला. पिशवीत ठेवायला गेला, पण तो मांडीवरच राहिला.

"तो... लांबेर कुठं आहे?"

"नवव्या दिवशी त्यालाही गाठ आली. भर दुपारी नदी ओलांडून इथं आला. दुसऱ्यांना लागण नको म्हणून आत आला नाही. त्या भिंतीशी बसला. मी गेलो. दहा पावलांवर थांबलो. तोच म्हणाला, जवळ येऊ नका."

"काय बोलला?"

"तुझी चौकशी केली. थंडीत अजून खोकतो का, म्हणून."

रेनिए खाली मान घालून बसला.

"आणखी?"

ओडिलोंनी एक शेंग उचलली. ती सोललेलीच होती.

"शेवटी तुम्ही जवळ होतात ना, बाबा?"

"नाही. मी आत गेलो होतो. परत आलो तेव्हा तो गेलेला होता."

"आत कशाला?"

ओडिलोंनी मांडीवरची टरफलं झटकली.

रेनिएनं विचारलं, "वेर्मोनमध्ये आता धर्मगुरू कोण?"

"कुणी नाही."

"साथ?"

"आहे अजून."

सहीचा कागद बाकावर होता. रेनिएनं तो उचलला नाही. तो उठला, बागेतून खाली उतरला आणि नदीच्या उथळ जागी पाण्यात शिरला. ओडिलोंना ते दिसलं नसावं. पाण्याचा आवाज त्यांनी ऐकला असेल.

सोळा दिवसांनी तो परत आला.

गाल बसले होते, दाढी वाढली होती. तळव्यांना फोड आले होते. वेर्मोनमध्ये खड्डे खणायलाही माणसं उरली नव्हती. साथ मात्र सरत आली होती. या वेळी तो बाकावर बसला नाही. ओडिलोंच्या पायांशी जमिनीवर बसला.

"दारं उघडली?" ओडिलोंनी विचारलं.

"नाही. मी सांगितलं, तो ग्रंथ माझाच आहे, ते वाक्य चुकलं, मी परत घेतो. तर म्हणाले, हा लांबेरचा मित्र, त्याच्या बाजूनं बोलतोय. मी खरं बोलतो हे पटवायला माझ्याजवळ काही पुरावाच नव्हता."

ओडिलोंनी हुंकार दिला.

"एक दार उघडलं. मारोत नावाची म्हातारी, विणकराची विधवा. आतूनच विचारलं तिनं, कुणाचा माणूस तू? रोमचा की आव्हिन्योंचा?"

"मग?"

"म्हटलं, आई, मला ठाऊक नाही."

रेनिए थांबला.

"ती म्हणाली, मग ये."

बागेपलीकडं कुणीतरी विहिरीचं चाक फिरवत होतं. ते थांबलं तेव्हा रेनिए पुढं सांगू लागला.

"तीन दिवस तिच्याजवळ होतो. तिनं कबुली दिली. काय सांगितलं ते मी सांगू शकत नाही. पण सांगताना ती सारखी दाराच्या कडीकडं बघत होती... मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, क्षमेचे शब्द म्हटले. पहाटे गेली. शांतपणे गेली, बाबा."

"मग रडतोस कशाला?"

"कारण मला ठाऊक होतं! साठ पानं लिहिली होती मी. तिनं विचारलं आणि मी खोटं बोललो. की तेव्हाच पहिल्यांदा खरं बोललो? मला कळत नाही. आणि ज्या हातानं ते वाक्य लिहिलं, तोच हात तिच्या डोक्यावर ठेवला..."

त्यानं दोन्ही तळवे पुढं केले. म्हाताऱ्याला दिसत नव्हतं हे तो विसरला होता.

"पोचले का ते शब्द? माझा हात रिकामा तर नव्हता?"

ओडिलोंनी चाचपडत त्याचा हात शोधला. फोड आलेल्या तळव्यावर आपला तळवा ठेवला.

"लांबेरनं हेच विचारलं होतं," ते म्हणाले. "त्या भिंतीशी बसून."

रेनिएनं वर पाहिलं.

"तुम्ही काय सांगितलंत त्याला?"

म्हाताऱ्यांनी भिंतीच्या दिशेला तोंड वळवलं.

"म्हटलं, थांब बाळा, आत कुणाकडून तरी ग्रंथ वाचून घेतो, मग सांगतो."