खडूची अपुरी ओळ

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तारीख बारा डिसेंबर, हवा कोरडी आणि गार. शाळेच्या संगणकखोलीत खडूचा एकच तुकडा उरला होता. घंटा झाली की सगळी यंत्रं बंद होणार होती. त्याआधी मुलांनी काढलेली चित्रं कशी जपून ठेवायची, ते त्या खडूला फळ्यावर लिहायचं होतं.

रिवाजाप्रमाणे त्याने आधी वार, दिनांक आणि नक्षीदार अक्षरांत लांबलचक सुविचार लिहिला. मग दमून सगळ्यांसाठी एकच सूचना लिहिली : माउसने वरच्या डाव्या कोपऱ्यातलं बटण दाबा.

"झकास!" बँकेने देऊन टाकलेला जुना संगणक म्हणाला.

"माझं बटण खाली आहे, खडूदादा," माजी विद्यार्थ्यांनी दिलेला लॅपटॉप म्हणाला.

"आणि मला माउसच नाही!" टॅब कुरकुरला. "लिहिताना फक्त म्हातारबाच दिसले वाटतं?"

"बाबांनो, आता अंगात काही उरलं नाही रे," खडूने सुस्कारा सोडला. तरी त्याने लॅपटॉपसाठी वेगळी ओळ लिहिली. टॅबसाठी 'बोटाने' एवढंच लिहून तो संपला.

"सुविचार आखूड चालला असता," डस्टर पुटपुटलं.

घंटा झाली. संगणकावरचं आणि लॅपटॉपवरचं चित्र राहिलं. टॅबवरचं गेलं.