आबांची गाठ

"आबांनी मारलेली गाठ तपासायची नाही, हे तुला किती वेळा सांगायचं गं?"

मंडळात चढाई शिकवणाऱ्या दिघेसरांनी हेमांगीचा हात तिच्याच कमरेवरून बाजूला केला.

गिर्यारोहण मंडळात बाकी सगळ्याला 'का' विचारलेलं चालायचं. याला नाही.

कड्याच्या मधोमध एका अरुंद टप्प्यावर चौघं थांबले होते. वर काळा, सरळ कातळ. खाली दरी. हेमांगीच्या बुटाने एक खडा ढकलला गेला आणि बराच वेळ त्याचा आवाजच आला नाही.

आज ती वर पोहोचली, तर मंडळाची जीप तिला आणि तिच्या मित्रांना तीन महिन्यांसाठी मिळणार होती. बदामी, हंपी, अबू, मग थेट हिमाचल. वाटेत दिसेल तो कातळ चढायचा. जीप नाही, तर यातलं काहीच नाही.

मंडळातले सगळ्यात जुने, आबा, कड्यात ठोकलेल्या मेखेला स्वतःला बांधून, तिचा दोर हातात धरून बसले होते. टप्प्यावर आल्यावर पुढच्या चढाईच्या गाठी त्यांनीच नव्याने मारल्या होत्या.

"आबा, सकाळपासून विचारतेय. पैसे पुरत नाहीत. कशाला कात्री लावू?"

"खोल्यांना."

"लावली. जीपला ताडपत्री बांधून झोपणार."

"खाण्याला."

"रोज खिचडी आहे, आबा. दोन्ही वेळा."

"चहाला."

तिच्या मागे उभे असलेले परचुरेकाका हसले. "चहा तोडला तर ही पोरं पहिल्याच टोलनाक्यावरून परत येतील!"

"तरी पुरत नाहीत," हेमांगी म्हणाली.

आबा दरीकडे बघत राहिले...

"भीती सोडून कशालाही लाव."

"भीतीला कुठे पैसे लागतात?"

"फुकट आहे ना? मग ने बरोबर."

हेमांगी वैतागली. सरळ उत्तर द्यायला या लोकांचं काय जातं?

"चल, चढ," दिघेसर म्हणाले.

तिने कातळाला हात लावला. कातळ गार होता. एक पाय वर ठेवला आणि तो आपोआप थरथरायला लागला.

"पाय बघा कसा लटपटतोय," परचुरेकाका म्हणाले. "आणि ही निघाली हिमाचलला! आमच्या वेळच्या मुली अशा घाबरत नव्हत्या."

"तुमच्या वेळी मंडळात मुली होत्या कुठे, काका?"

थरथर थांबेना. म्हणून तिने पायाकडे बघितलं. आणि बघता बघता तिची नजर कमरेशी अडकली.

इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी गाठ. दोर कमरेच्या पट्ट्यातून, हार्नेसमधून घालून त्याच वाटेने परत फिरवायचा असतो. इथे तो फिरवलेलाच नव्हता. टोक नुसतं आत खोचलं होतं. लांबून सगळं ठीक दिसत होतं.



तिने आबांकडे बघितलं. म्हातारे डोळे. सुरकुतलेली बोटं. चूक झाली होती? की...

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना.

ती पाय खाली घेऊन वळली. "सर, ही गाठ पुरी नाही."

"आबांची गाठ आहे ती."

"असेल. पुरी नाही."

"आम्ही आयुष्यभर त्यांच्या गाठीवर चढलो," दिघेसरांचा आवाज चढला. "एकानेही कधी खाली वाकून बघितलं नाही. आणि तू कालची पोर! माफी माग त्यांची आणि चढायला लाग. नाहीतर जीप विसर."

हेमांगीला रडू फुटेल असं वाटलं. वर्षभर ती या एका गोष्टीसाठी झुरली होती. हिमाचलचा, फोटोत बघितलेला पांढरा कातळ तिला झोपेतही दिसायचा.

"ठेवा तुमची जीप," ती म्हणाली. "मी यावर चढणार नाही."

आणि तिने दोराच्या टोकाला एक हिसका दिला.

दोर हार्नेसमधून सळसळत निघाला आणि तिच्या हातात लोंबत राहिला.



दिघेसर दोराकडे बघत होते. परचुरेकाका तिच्यामागून चढणार होते. त्यांचीही गाठ आबांनीच मारली होती. त्यांचा हात हळूहळू स्वतःच्या कमरेकडे गेला...

दरीतून वारा वर आला.

आबा सरकून जरा पुढे झाले. त्यांनी सदरा बाजूला केला.

"आता माझी बघ."