धनेशाच्या पंखांचा आवाज

रानाला अजून वाटा फुटल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. बेहड्याच्या ढोलीत धनेशीण अंडी उबवत होती. रीतीप्रमाणे तिने दार आतून लिंपून घेतलं होतं. उघडी होती फक्त चोचीपुरती फट.

धनेश मोठा कष्टाळू. दिवसभर उंबरं आणून फटीतून भरवायचा. एके सकाळी आतून हाक आली, "अहो, उंबरं..." एवढं ऐकलं आणि तो उडाला. दुप्पट उंबरं घेऊन आला. दुपारी पुन्हा तेच. संध्याकाळी पाहतो तर उंबरं फटीतून खाली पडत होती.

"जीव काढून आणतोय, आणि ही टाकून देते," तो शेजारच्या शेकरूला म्हणाला.

"भावोजी, तुमच्या पंखांचा आवाज केवढा," शेकरू म्हणाली. "उडालात की पुढचं कुठलं ऐकू येणार? जरा पंख मिटून बसा."

तो फटीपाशी बसला. आतून थकलेला आवाज आला, "उंबरं पुरे झाली. पहाटे पिल्लू झालंय. त्याला किडे हवेत. सकाळपासून उपाशी आहे."

धनेशाने पंख उघडले, आणि पुन्हा मिटले.

"किडे आणायचे, एका पिल्लापुरते. बरोबर ना?"

"दोघांपुरते," ती म्हणाली. "दुसरं आत्ताच अंडं फोडतंय."